परदेशातून आणलेलं मूल, पूर्व भागातलं घर आणि आमचं नाटक

पूर्वभागकर:

नमस्कार मंडळी,

आमचा हौशी नाट्यगट यंदा नवी संहिता बसवतोय. नवरा-बायको परदेशात आहेत, संसार विस्कटतो, आणि एक जण दुसऱ्याला न सांगता, तिथल्या कोर्टाला न विचारता लेकराला घेऊन मायदेशी निघून येतो. आमच्या कथेत आई सोलापूरच्या पूर्व भागातली, अशोक चौकाजवळच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरातली. मुलगी सात वर्षांची, जन्म टेक्सासचा. आजी उभा जन्म विड्या वळत आलेली.

पहिलं वाचन झालं आणि वडिलांच्या पात्रावरून गटात दोन तट पडले. खर्ड्यात वडील गोरे अमेरिकन आहेत. निम्मे म्हणतात तेच ठेवा, कारण पडदा उघडताच प्रेक्षकाला कळतं की हा परका आणि ही आपली. मला नेमकं तेच खटकतं. परका कोण हे कातडीच्या रंगावरून आधीच ठरलं तर पुढचे दोन अंक कशासाठी करायचे? आपल्या सर्वोच्च न्यायालयातले या विषयावरचे गाजलेले निकाल काढून बघा. बहुतेक ठिकाणी दोघंही भारतीय वंशाचे आहेत. एकाच तांदळाच्या अक्षता पडलेली माणसं, फक्त एक जण तिकडे थांबला आणि दुसरी इकडे आली.

या विषयावरचा बहुधा सगळ्यात गाजलेला चित्रपट म्हणजे १९९१ सालचा 'नॉट विदाउट माय डॉटर'. अमेरिकन आई, इराणी नवरा, तेहरानात अडकलेली मुलगी. खऱ्या घटनेवर बेतलेला आहे, आणि त्या आईने जे सोसलं त्याबद्दल मला एक अक्षर बोलायचं नाही. पण इराणी नवऱ्याचं काम केलं आल्फ्रेड मोलिना या ब्रिटिश नटाने, आणि मदतीला धावणारी थोडी माणसं सोडली तर पडद्यावरचे इराणी म्हणजे ओरडणारा, संशयाने बघणारा जमाव. एका घरातलं दुःख सांगता सांगता अख्खा देश आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला गेला. आपण सोलापुरात बसून अमेरिकेचं तेच करायचं का?

तुमची मतं हवीत. विशेषतः ज्यांनी असं काही जवळून पाहिलंय त्यांची.

रंगपट:

चांगला धागा. मी रंगभूमीवर गोरा साहेब केलेला माणूस आहे. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉवरच्या एकांकिकेत पावडर फासून इंग्रज अधिकारी झालो होतो, त्यामुळे 'दुसऱ्याचं काम कुणी करूच नये' हे मला पटत नाही. नटाने दुसऱ्याच्या अंगात शिरायचं नाही तर काय करायचं? आपल्या डॉ. कोटणीसांचंच बघा. सोलापुरात जन्मलेला मुलगा १९३८ साली चीनला गेला, तिथल्या परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच गेला. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला तेव्हा ती चिनी पत्नी जयश्रीबाईंनी रंगवली. आज कुणी तसं केलं तर मलाही पटणार नाही, पण त्या पात्राला मान होता, मन होतं, स्वतःचं काम होतं.

म्हणून माझं मत असं की काम कोण करतोय यापेक्षा त्या पात्राच्या तोंडी काय आहे ते बघा. तुमच्या खर्ड्यात त्या बापाला किती वाक्यं आहेत, आणि त्यातली धमकी नसलेली किती?

पूर्वभागकर:

रंगपट सर, बापाचा पहिला प्रवेश फोनवरचा आहे आणि दुसरा वकिलाच्या नोटिशीतून. स्वतःच्या पायांनी तो रंगमंचावर येतच नाही.

रंगपट:

मग गोरा ठेवा नाहीतर सावळा, तो माणूस तुमच्या नाटकात नाहीच.

कडक भाकरी:

मी जरा वेगळं बोलतो, राग नका मानू. तुम्ही लोक काय करूलालाव तेच कळंना. तेलुगू आजी, अमेरिकेतला बाप, आता कुणीतरी म्हणेल एक मुस्लिम पात्र घाला, एक लिंगायत घाला, एक दलित घाला. नाटक हाय का जनगणना? हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून आलेल्या माणसाला आधी दोन तास खुर्चीत बसवून दाखवा बे. आईचं दुःख सरळ सांगा, लोक रडतील, टाळ्या देतील.

नई जिंदगीवाली:

कडक भाकरी दादा, मोजून पात्रं घालायला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. मोजून घातलेलं पात्र पहिल्या अंकात चहा आणतं आणि दुसऱ्या अंकात 'आपण सगळे एकच' म्हणून निघून जातं. माझ्या मोहल्ल्यातल्या माणसांना मी स्टेजवर आजवर असंच पाहिलंय. एक तर दंगलीच्या प्रसंगात, नाहीतर भाईचाऱ्याच्या भाषणात.

ज्या शहरात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन ही चार नावं एका दमात घेतली जातात, १२ जानेवारी १९३१ ला एकाच दिवशी फासावर गेलेली, त्या शहरातल्या नाटकात मला जागा हवी असेल तर ती जनगणना कशी झाली?

पूर्वभागकरदादा, तुमच्या संहितेत वकील आहेच ना? ती आमच्यातली करा. तिला तिच्या धर्माबद्दल एकही वाक्य देऊ नका. तिला राग येऊ दे, अशिलाची थकलेली फी मागू दे, तारखेला उशीर होऊ दे. आणि कृपा करून आखातात नेऊन मूल लपवणारा नवरा आमच्या माथी मारू नका. तशी प्रकरणं होतात, मी नाकारत नाही. पण स्टेजवर आमचं एकच कुटुंब येणार आणि ते तेच असणार, हे सोसवत नाही.

वकीलताई:

कायद्याची बाजू सांगते, कारण नाटकात कोर्ट आलं की लेखक मंडळी न्यायाधीशांना भाषणं देतात.

या विषयाचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार हेगचा, २५ ऑक्टोबर १९८० चा. सोळा वर्षांखालचं मूल त्याच्या नेहमीच्या राहत्या देशातून बेकायदा हलवलं तर त्याला लवकरात लवकर परत पाठवायचं, आणि ताबा कुणाकडे हे त्या देशाच्या कोर्टाने ठरवायचं, हा त्याचा गाभा. शंभराहून जास्त देश त्यात आहेत. श्रीलंका आहे, पाकिस्तान आहे. भारत नाही. विधी आयोगाने २००९ साली २१८व्या अहवालात सामील व्हा असं सुचवलं, २०१६ साली २६३व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही दिला. सामील मात्र आपण झालेलो नाही.

म्हणून मागे राहिलेला पालक इथे बहुधा उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका करतो. आणि हो, खर्ड्यात मुंबई हायकोर्टाच्या पायऱ्या असतील तर बदला. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं त्याच हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. परदेशी कोर्टाचा आदेश हाताशी असला तरी तो अनेक मुद्द्यांपैकी एक, सगळ्यात वर मुलाचं हित, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्यानंतर काही मुलांना परत पाठवलंय, काहींना इथेच राहू दिलंय. निकाल आधीच माहीत असलेला खटला यात नसतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. करार लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर होता ताबा न मिळालेला, चिडून मूल पळवणारा बाप. हेगच्या यंत्रणेसाठी झालेल्या पाहण्यांत मात्र मूल घेऊन जाणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश आया निघाल्या, बहुतेक जणी मुलाचं सगळं करणाऱ्या. मुलाला गंभीर धोका असेल तर परत न पाठवण्याची मुभा कलम १३ मध्ये आहे, पण आईला होणाऱ्या मारहाणीचा वेगळा उल्लेख करारात कुठेही नाही. म्हणजे कुणाला पुढे आणायचं आणि कुणाला विसरायचं हा प्रश्न फक्त नाटकवाल्यांचा नाही, करार लिहिणाऱ्यांनाही तो नीट सुटला नव्हता.

डलासहून:

बरेच दिवस इथे फक्त वाचतोय, आज लिहितो. मी तो दुसरा पालक आहे. मी अकोल्याचा, ती सोलापूरची. मुलगा आता तिकडे शाळेत जातो.

इथे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे आठ. ती आमची वेळ ठरलेली आहे. कोर्टाने ठरवून दिलेली आहे, म्हणून फोन लागतो. पण कुणीतरी फोन टेबलावर उताणा ठेवून जातं आणि मला छताचा पंखा दिसत राहतो. त्याच्या एका पात्याला निळा डाग आहे. मागे कुकरची शिट्टी होते, कुणीतरी 'रिक्षा आली' म्हणून हाक मारतं, दप्तराची चेन ओढल्याचा आवाज येतो. तो कुठल्या खोलीत आहे, अंगात गणवेश आहे की नाही, हे मी आवाजावरून ओळखायला शिकलोय.

तुमच्या नाटकातला बाप वाईट असेल तर असू दे. मला बापाची बाजू घेणारं नाटक नको. पण त्याला नुसती नोटीस करू नका. नोटीस वकिलाने लिहिलेली असते. मी माझ्या नोटिशीत जे वाचलं त्यातलं निम्मं मी स्वतः कधी बोललो नसतो.

परतलेली:

डलासहून लिहिणाऱ्या दादांचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी त्यांची बायको नाही, पण मीही मूल घेऊन आलेली आहे, म्हणून लिहिते.

मी अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेल्या एच-फोर व्हिसावर होते. २०१५ पासून त्यातल्या काही जणींना कामाची परवानगी मिळते, मला नव्हती. माझ्या नावावर बँकेत खातं नव्हतं, गाडीची किल्ली त्याच्या खिशात. घटस्फोट झाला की तो व्हिसाही संपतो, म्हणजे मूल त्या देशाचं नागरिक आणि आईला तिथे राहायचा हक्क नाही. पोलिसांना एकदा बोलावलं होतं. ते आले, त्याच्याशी अस्खलित इंग्रजीत बोलले आणि गेले.

मी आले तेव्हा मी गुन्हा करतेय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे १९९३ पासून तसा संघीय कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता मुलाला बापाला भेटवायला घेऊन जावं म्हटलं तरी विमानतळावर काय होईल या धास्तीने पाय निघत नाही. लोक म्हणतात आई अडवून बसलीय. तुमच्या नाटकातली आई का परत जात नाही हे प्रेक्षकाला कळलंच पाहिजे. आणि तिला देवी करू नका. मी मुलासमोर त्याच्या बापाला नको ते बोललेय. घाबरलेली बाई बोलते.

पूर्वभागकर:

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद गटात मोठ्याने वाचले. त्यानंतर बराच वेळ कुणी 'आपली' आणि 'परका' हे शब्द काढले नाहीत.

वकीलताईंच्या मदतीने अशा प्रकरणांतली प्रतिज्ञापत्रं कशी लिहिली जातात ते समजून घेतलं, त्यातून एक प्रसंग उभा राहिलाय. तो सविस्तर मांडतो, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे.

आजी उंबऱ्याशी बसून विड्या वळतेय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. नात समोर बसलीय. आजी पान मापात कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, दोन्ही हातांच्या बोटांनी गुंडाळते, तोंड दुमडते, दोरा मारते. तिचे डोळे हातांकडे नाहीतच, नातीकडे आहेत. 'अन्नम तिन्नावा?' म्हणून जेवलीस का विचारते. नात इंग्रजीत सांगते की पोळीला भोक पडलं होतं म्हणून टाकून दिली. आजीला एक शब्द कळत नाही, ती हसून तिच्या कपाळावरचे केस मनगटाने मागे सारते, कारण बोटांना तंबाखू लागलाय.

आता हेच घर प्रतिज्ञापत्रात येतं तेव्हा असं वाचलं जातं: 'अल्पवयीन मुलीला दोन खोल्यांच्या घरात, तंबाखूच्या सान्निध्यात, तिला न समजणाऱ्या भाषेच्या वातावरणात ठेवण्यात आले आहे.' यातला शब्दन् शब्द खरा आहे! तंबाखूची धूळ मुलांच्या छातीला वाईटच, विडी कामगार बायकांचा खोकला पूर्व भागात ज्याने ऐकलाय त्याला हे शिकवायला नको. पण त्याच सुपावर या आजीने मुलीला इंजिनिअर केलं, टेक्सासला पाठवलं. ते प्रतिज्ञापत्रात कुठे लिहायचं? त्यासाठी रकानाच नसतो.

आईच्या वकिलाचा कागद काही वेगळा नाही. त्यात बापाचं घर म्हणजे 'मुलीला पाळणाघरात सोडून दिवसभर बाहेर राहणारा पालक'. तेही खरंच. पण रात्री तिच्या शेजारी बसून गोष्ट वाचणारा बाप तिथे नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की ज्याचं घर आपण रंगमंचावर आणतो त्याला त्याच्या घरात बसलेलं दाखवू, कागदावर आलेलं नको. अमेरिकेतल्या घराचाही एक प्रवेश हवा, आणि तो आजीच्या प्रवेशाइतकाच मायेने लिहिलेला हवा. कडक भाकरी, प्रेक्षक खुर्चीत बसेल. दोन्ही घरं आवडली तरच त्याचा जीव टांगणीला लागेल. एकच आवडलं तर तो निकाल देऊन मोकळा होईल.

कडक भाकरी:

विड्यांचा प्रसंग लै भारी हाय. माझी आईपण वळायची. माघार नाही घेत, पण हा प्रसंग ठेवा. फक्त आजीचं तेलुगू मराठीत समजावून सांगूलालाव असं करू नका, आपल्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना कळतंय.

रंगपट:

सहमत. आणि मुलीचं काय? सात वर्षांची मुलगी हे या नाटकातलं सगळ्यात अवघड काम आहे. बालनट घेतला तर तालमीचं भान ठेवा. बालकलाकारांसाठीच्या नियमांत दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. हौशी गट असलो तरी आपण ते पाळावं. शिवाय रोज संध्याकाळी आईबाप तुटल्याचा प्रसंग एका लहान जिवाकडून करून घेणार आहात, त्याच्याशी नंतर कोण बोलणार हेही ठरवा.

नई जिंदगीवाली:

मी बालवाडीत शिकवते. खर्ड्यातली मुलगी फारच शहाणी वाटते, 'मला आईबाबा दोघंही हवेत' असं ती न्यायाधीशांना सांगते. अशी वाक्यं मोठी माणसं लिहितात. दोन घरांत ओढलेलं मूल आईपाशी म्हणतं तिथे मला करमत नव्हतं, आणि बाबांपाशी म्हणतं इथे मला करमत नाही. दोन्ही वेळा ते खरं बोलत असतं. तिला असं दोन तोंडांनी बोलू द्या. आणि तिला तिचं म्हणून काहीतरी हवं असू द्या, जे या दोघांपैकी कुणाच्याच खटल्यात नाही. तिकडे राहिलेली सायकल, इकडे नव्याने झालेली मैत्रीण.

वकीलताई:

याला माझं अनुमोदन. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दलच आहे, आणि त्या करारात भारत १९९२ साली सामील झालाय. प्रत्यक्षात न्यायाधीश बहुधा मुलाशी आपल्या दालनात, वकिलांना बाहेर ठेवून बोलतात. भर कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात मूल उभं करू नका.

पूर्वभागकर:

गटात काल पक्कं झालं ते सांगतो.

वडील गोरे नाहीत. ते करीमनगरकडचे, तेलुगूच. सोलापूरच्या कितीतरी पद्मशाली घरांच्या सोयरिकी अजून तेलंगणाकडे होतात, त्यामुळे ते ओढूनताणून वाटणार नाही. यातून एक गोष्ट आपोआप घडली. दुसऱ्या अंकात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तो सोलापूरला येतो, स्टेशनजवळच्या लॉजवर उतरतो, आणि घरी आल्यावर आजीशी तिच्याच भाषेत बोलतो. नातीला जे जमत नाही ते या जावयाला जमतं. आजी त्याला पाणी देते, जेवलास का विचारते, आणि लेक आतल्या खोलीतून ते ऐकतेय. भाषेच्या आडोशाने भांडायची सोय कुणालाच राहिलेली नाही.

वकील नई जिंदगी भागातली, जशी ताईंनी सुचवली तशीच, फी मागणारी. मुलगी साक्ष देत नाही. दालनाचं दार बंद होतं आणि आत काय बोलणं झालं ते प्रेक्षकालाही कळत नाही.

आजीच्या कामासाठी घरात तेलुगू बोलणारी बाई हवी आहे, वय पन्नासच्या पुढे, विड्या वळता येत असतील तर फारच उत्तम. नाटकात कधी काम केलेलं नसलं तरी चालेल. कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वकीलताई, एक शंका. शेवटी मुलीला परत पाठवायचा निकाल दाखवायचा ठरला, तर आईला अटक होईल त्याचं काय? 'परतलेली' ताईंनी लिहिलेली धास्ती तशीच लोंबकळत राहील.

वकीलताई:

त्यासाठी अलीकडे 'मिरर ऑर्डर'चा मार्ग वापरतात. मूल परत पाठवताना इथलं कोर्ट अटी घालतं: आईच्या तिकिटाचा आणि तिथे वेगळं राहण्याचा खर्च, मुलाचा ताबा तूर्त कुणाकडे, आईवरची फौजदारी तक्रार बापाने पुढे न रेटण्याची हमी. मग त्याच मजकुराचा आदेश तिथल्या कोर्टाकडूनही घेतात, म्हणजे विमान उतरल्यावर अटी हवेत विरत नाहीत. पण फौजदारी खटला मागे घ्यायचा की नाही हे तिथल्या सरकारी वकिलाच्या हातात असतं, बापाच्या नाही. तुमच्या नाटकात बापाने मनापासून हमी दिली तरी ती पुरेशी नाही, हे त्याला आणि तिला दोघांनाही एकाच प्रवेशात कळू द्या. ते संवाद लिहून झाले की मला पाठवा, मी तपासून देते.